प्रदर्शनासाठी आर्किफ्रक्टसची पाटी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी अन् तेच ठिबक सिंचन. कंटाळा येते बाप्पा! आमच्या गोंदियाकडच्या झेडपी शाळेत सातवीची पोट्टी सुरुवातीच्या फुलझाडाचा जीवाश्म करतात: आर्किफ्रक्टस सायनेन्सिस. खर्च जवळपास नाहीच.

बोडीतला गाळ चाळून घ्या. त्यात धानाच्या तुसाची राख मिसळा, म्हणजे पाटी तडकत नाही आणि रंगही करडा येतो. खरा दगडही असाच बनला आहे. चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या तळ्यांत गाळ साचला, त्यावर ज्वालामुखीची राख पडत गेली. त्या राखेच्या थरांवरूनच वय निघालं, सुमारे साडेबारा कोटी वर्षं. १९९८ साली याच्या भावंडाचा, आर्किफ्रक्टस लिआओनिंगेन्सिसचा, शोध जाहीर झाला तेव्हा ते याहून बरंच जुनं समजलं होतं. सायनेन्सिसचं वर्णन २००२ सालचं, सुन ग आणि डेव्हिड डिल्चर यांच्या चमूचं.

गाळ फळीवर थापून लाटण्यानं सपाट करा. खोड म्हणून शेपूची बारीक काडी, पानंही शेपूचीच. पानं अशी चिरलेली आणि खोड नाजूक, म्हणून ते पाण्यात वाढत असावं असं मानतात. काडीच्या शेंड्याकडे मोहरीच्या कोवळ्या शेंगा लावा, ही स्त्रीकेसरं. त्यांच्या खाली जिऱ्याचे दाणे जोडीजोडीनं, हे पुंकेसर. वरखाली करू नका, परीक्षक नेमकं तेच पाहतात.

आता पोट्टी विचारतील, "गुरुजी, पाकळ्या कुठं लावू?" कुठंच नाही. याला पाकळ्या नव्हत्या, निदलंही नव्हती. तरी ते फुलझाड, कारण बिया उघड्यावर नसून बंद पुटकात, म्हणजे शेंगेसारख्या कवचात, होत्या. प्रत्येक गटातून एक शेंग उभी चिरून बाजूला ठेवायला लावा, आतले दाणे दिसले की वेगळं सांगावं लागत नाही. रंगीत कागदाचं फूल चिकटवून पाटी 'सजवायचा' आग्रह एखादे सहकारी करतील. ऐकू नका.

लाटणं हलकं फिरवा, सावलीत वाळवा, मग झाड अलगद उपटा. ठशात कोऱ्या चहाचं पाणी ब्रशनं भरलं की तपकिरी छाप उठतो. बाजूला एक लहानशी मासोळी दाबली तर चालते. त्या तळ्यांत लायकोप्टेरा नावाचे मासे होतेच.

अख्खी काडी म्हणजे एकच फूल, की साध्या एकलिंगी फुलांचा तुरा, यावर अभ्यासकांत वाद आहे. मुलांना दोन्ही बाजू येऊ द्या. आणि पाटीखाली 'जगातलं पहिलं फूल' असं लिहू नका. स्पेनमधलं मॉन्टसेकियाही पाण्यातलंच, अन् तेही तितकंच जुनं. 'सर्वांत जुन्या फुलझाडांपैकी एक' एवढं लिहा.