बाइकचा रेडिओ बंद पडलाय? आधी वायरिंग बघा

सेट खोलायची घाई करू नका. बाइकवर बिघाड बहुतेक वेळा बाहेरच असतो: थरथराटाने कनेक्टर ढिले होतात, पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार गुंडाळायचा जुगाड अजिबात नको, वायरिंग पेटतं. मग चावी चालू करून सेटच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. 12 व्होल्टच्या आसपास येतात आणि तरी सेट मुका? माझा पहिला संशय अर्थिंगवर. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, चॅसीवर अर्थची वायर जिथे बोल्टने कसलेली असते तिथला रंग, गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करा. रेस वाढवल्यावर स्पीकरमध्ये शिट्टी चढत असेल, तरी आधी हीच जागा. फक्त एफएम खरखरतं, ब्लूटूथ स्वच्छ? मग अँटेनाचा प्लग काढून घट्ट बसवा.