नलारबोर लिंक्स: दोघं, एक गाडी आणि 1,365 किलोमीटरचं गोल्फ

नलारबोर लिंक्स हे गोल्फचं मैदान आहे, पण आधी डोक्यातून हिरवळ काढा. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं सेडूना ते पश्चिम ऑस्ट्रेलियातलं कॅलगूर्ली, या रस्त्यावर गावागावांत आणि रोडहाऊसपाशी (रस्त्याकडेचे पेट्रोल-मुक्कामाचे थांबे) मिळून 18 होल आहेत. पार 72, म्हणजे सगळे होल पुरे करायला 72 फटके अपेक्षित. बहुतेक ठिकाणी फेअरवे (सुरुवातीच्या जागेपासून ग्रीनपर्यंतचा पट्टा) म्हणजे खडी, लाल माती आणि खुरटी झुडपं. ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची जागा, तेवढं कृत्रिम गवताचं. कुठल्याही टोकाकडून सुरुवात करता येते. स्कोअरकार्ड टोकाच्या गावातल्या पर्यटक केंद्रातून घ्या.

निदान चार दिवस ठेवा. सेडूनाहून पश्चिमेला निघालात तर घड्याळ मागे जातं आणि दिवस लांबतो, पण दुपारनंतर ऊन थेट डोळ्यांवर येतं. म्हणून सकाळी लवकर निघा आणि मावळतीच्या तासभर आधी मुक्कामी पोहोचा. अंधारात कांगारू आणि वॉम्बॅट (बुटका, जाडजूड प्राणी) रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीचा विमा रात्रीच्या अशा धडकेला लागू आहे का, ते करारात आधीच वाचून घ्या. नलारबोर रोडहाऊस ते दोन राज्यांच्या सीमेवरचं बॉर्डर व्हिलेज हे अंतर 180 किलोमीटरांच्या वर आहे, त्यामुळे टाकी अर्ध्यावर आली की भरायचीच. सीमेपलीकडच्या युक्लाच्या आसपास पाऊण तासाच्या फरकाची स्थानिक वेळ चालते. स्वयंपाकघर बंद व्हायची वेळ विचारताना ‘कुठल्या घड्याळाने?’ हेही विचारा.

दोघांत क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, एकच बॅग पुरते: हायब्रिड, 5, 7 आणि 8 नंबरची आयर्न, एक वेज (उंच फटक्यासाठी), पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्यासाठी). ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घरीच ठेवला तरी चालेल. चेंडू दोन डझन घ्या, तेही पिवळे किंवा नारिंगी; पांढरा चेंडू चुनखडीच्या खड्यांत दिसत नाही. शिवाय फूटभर कृत्रिम गवताचा तुकडा हवाच. जमीन इतकी कडक असते की टी (चेंडू ठेवायची खुंटी) आत जाता जाता मोडते, आणि खडीवरून आयर्न मारलं की क्लबच्या तोंडावर चरे पडतात. फेअरवेवर चेंडू उचलून या तुकड्यावर ठेवायचा, हा नियम दोघांनी पहिल्याच होलच्या सुरुवातीला ठरवून टाका. नंतर ठरवायला गेलात तर भांडण होतं.

खरा घोळ ग्रीनजवळ होतो. सवयीने वेज काढून उंच चिप (छोटा फटका) मारली की क्लबचा तळ कडक जमिनीवर आपटून उसळतो, कड चेंडूच्या मध्यावर लागते आणि चेंडू ग्रीनपलीकडच्या झुडपांत. 8 नंबरचं आयर्न घ्या, चेंडू मागच्या पायाजवळ ठेवा, मनगट न मोडता पटरने मारतात तसा झोका द्या. चेंडू ग्रीनच्या बराच अलीकडे टेकून घरंगळत गेला पाहिजे.

लांब होलवर एकाने मारायचं, दुसऱ्याने आधीच पुढे, पण बाजूला उभं राहून चेंडू पडतो कुठे ते बघायचं. इथे कावळे चेंडू पळवतात, तेव्हा नजर हटवू नका. चेंडू झुडपात गेला तर हात घालण्याआधी क्लबने चाचपा, साप असतात. माश्यांसाठी तोंडावरची जाळी लाज न बाळगता घाला.

पश्चिमेला जाताना फळं, भाज्या आणि मध बॉर्डर व्हिलेजच्या तपासणीआधीच संपवा. पूर्वेकडे जाताना फळं-भाज्यांची तपासणी सेडूनाला असते. शूजच्या तळाला चिकटलेली माती आणि बियाही झाडून टाका.

कैगुना ते बालाडोनिया 146.6 किलोमीटर एकही वळण नाही. इथे चालक बदला, मगच निघा.