मुलांच्या खोलीसाठी घराच्या आकाराची भिंतीवरची मांडणी

मुलांच्या खोलीत गमतीदार आकाराची मांडणी करायचे ठरले की ढग, होडी, झाड, रॉकेट असे कितीतरी आकार डोळ्यांसमोर येतात आणि सगळा विचार त्या आकारापाशीच अडकून राहतो. वजन पेलतात त्या मात्र आतल्या सरळ फळ्या, मागची पाठ आणि भिंतीत खोल गेलेले स्क्रू. म्हणून मी नवशिक्यांना उतरत्या छपराच्या घराचा आकार सुचवतो. तो मुलांना पाहताक्षणी आवडतो, त्यात एकही वक्र काप नाही, आणि खाली पुस्तकांना व वर माळ्यावर लहान खेळण्यांना आपोआप जागा मिळते.

येथे दिलेली मापे 18 मि.मी. जाडीच्या प्लायवूडची आहेत. घराची बाहेरची रुंदी 400 मि.मी., भिंतींची उंची 300 मि.मी. आणि खोली 120 मि.मी. धरावी. छप्पर दोन्ही बाजूंनी 45 अंशांत उतरत असल्याने त्याचे टोक भिंतींच्या वर 200 मि.मी. जाते आणि छपराच्या प्रत्येक फळीची लांबी 283 मि.मी. येते. तळाची आणि माळ्याची फळी दोन भिंतींच्या मधे बसते, त्यामुळे त्या दोन्हींची लांबी 364 मि.मी. होते. पाठीसाठी 6 मि.मी. प्लाय पुरेसा आहे. प्लाय विकत घेताना तो फॉर्मल्डिहाइडचे (प्लायच्या गोंदातून सुटणाऱ्या अपायकारक वायूचे) उत्सर्जन कमी असलेल्या, म्हणजे निदान ई-1 प्रतीचा आहे ना, हे विचारावे. मूल रोज रात्री ज्या खोलीत झोपणार, तेथे ही चौकशी अनाठायी ठरत नाही.

कापण्यापूर्वी मोठ्या कागदावर घर पूर्ण मापात काढावे, कात्रीने कापावे आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावून पाहावे. ते कुठे शोभते आणि दाराच्या किंवा खिडकीच्या आड येते का, हे त्यावरून लगेच कळते.

या कामात खरे कौशल्य लागते ते तिरक्या कापांना. छपराच्या टोकाशी दोन फळ्या 90 अंशांत मिळतात, म्हणून तेथे प्रत्येक फळीचे टोक 45 अंशांत कापावे. छप्पर आणि भिंत यांच्यातला कोन 135 अंशांचा असतो, म्हणून तेथे दोन्ही टोके साडेबावीस अंशांत कापावीत. लांबी नेहमी फळीच्या बाहेरच्या अंगाने मोजावी, कारण कापल्यावर आतले अंग आखूड होते. आपला हिशेब बरोबर आहे का, हे तपासायला सोपा ताळा आहे: पंचकोनाच्या आतल्या कोनांची बेरीज 540 अंश असते, आणि आपल्या घराचे 90, 135, 135, 90, 90 हे कोन मिळून तेवढेच भरतात. असे तिरके काप एकूण सहा आहेत. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक एकाच दिशेने झाली, तर शेवटी तीन अंशांचा फरक साचतो आणि एखादा सांधा उघडा पडतो. त्यामुळे आधी टाकाऊ तुकड्यांवर काप घ्यावेत, तुकडे जोडून गुण्याने (काटकोन तपासण्याच्या हत्याराने) कोन पाहावा आणि मगच चांगल्या फळीला करवत लावावी. पाते तिरके करता येणारे यंत्र घरी नसेल, तर हे सहा काप सुताराकडून करून घेण्यात काहीच कमीपणा नाही. बाकीचे काम साध्या हत्यारांनी होते.

जोडणीसाठी क्लॅम्पपेक्षा चिकटपट्टी सोयीची पडते, कारण तिरक्या सांध्यावर क्लॅम्प घसरतो. भिंत, छप्पर, छप्पर, भिंत अशा क्रमाने चारही फळ्या बाहेरचे अंग वर करून टेबलावर एका ओळीत मांडाव्यात. त्यांच्या टोकांच्या धारा एकमेकींना नेमक्या भिडवून प्रत्येक सांध्यावर रुंद चिकटपट्टी ताणून लावावी. मग सगळी माळ अलगद उलटी करावी. आता प्रत्येक सांध्याच्या जागी खाच दिसेल. तीत लाकूडकामाचा पांढरा गोंद भरावा. लाकडाचे कापलेले टोक गोंद झपाट्याने शोषून घेते, म्हणून पहिला पातळ हात देऊन काही मिनिटे थांबावे आणि मग दुसरा हात द्यावा. हे थांबणे पुष्कळ जण टाळतात आणि सांधा कोरडा राहतो. त्यानंतर फळ्या उचलून दुमडल्या की घर उभे राहते. लगेच तळाची फळी भिंतींच्या मधे बसवावी, आणि माळ्याच्या फळीचा वरचा पृष्ठभाग घराच्या तळापासून 290 मि.मी. उंचीवर येईल अशी ती बसवावी. तिच्याखाली पुस्तकांसाठी 254 मि.मी. मोकळी उंची उरते. या दोन्ही फळ्यांना गोंद लावून बाहेरून 40 मि.मी. लांबीचे स्क्रू घालावेत, पण आधी बारीक बिटने छिद्र पाडून घ्यावे. तसे न केल्यास प्लायचे थर फाकतात. स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या किंचित खाली जाऊ द्यावीत, म्हणजे त्यांवर लांबी (पुट्टी) भरता येते.

गोंद ओला असतानाच पाठ बसवून टाकावी. पाठीविना हे घर बाजूने ढकलल्यावर डुलते, पाठ लागली की ताठ उभे राहते. ती घराच्या बाह्यरेषेपेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान कापावी, म्हणजे समोरून तिची कड दिसत नाही. शेवटी माळ्याच्या फळीखाली, पाठीला लागून, 50 मि.मी. रुंदीची आडवी पट्टी गोंद आणि स्क्रूंनी पक्की करावी. सगळा भार हीच पट्टी भिंतीला देणार आहे. दोन्ही मजल्यांच्या पुढच्या कडेला 15 ते 20 मि.मी. उंचीची बारीक पट्टी लावली, तर खेळणी घरंगळून डोक्यावर पडत नाहीत.

पॉलिश पेपर आधी 80 नंबरचा (खरखरीत), मग 120, मग 180 चा (बारीक) या क्रमाने फिरवावा. समोरच्या कडा आणि खालचे दोन कोपरे हाताला अजिबात टोचणार नाहीत इतके गोल करावेत. डोळे मिटून कडेवरून तळहात फिरवला की राहिलेली धार लगेच जाणवते. रंग पाण्यात मिसळणारा आणि शिसेविरहित असावा. प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात द्यावेत आणि मधे 220 चा कागद हलकेच फिरवावा. पाठीला बाहेरच्या अंगापेक्षा वेगळा, गडद रंग दिला तर घराची आकृती दुरूनही उठून दिसते. रंग काही तासांत कोरडा वाटला, तरी तो पुरता कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी पुस्तके ठेवली, तर त्यांची वेष्टने रंगाला चिकटतात.

जागा ठरवताना पलंगाच्या वरची भिंत सरळ वगळावी. मांडणीखाली मुलाला चढता येईल असे कपाट किंवा खुर्चीही नसावी. तळ मुलाच्या डोक्याच्या जरासा वर यावा, पण हात उंचावल्यावर बोटे तळमजल्याच्या फळीपर्यंत सहज पोहोचावीत. अडकवण्याच्या आकड्यांवर किंवा खाचांवर मांडणी नुसती टेकवून ठेवणे मला पसंत नाही, कारण मूल ती खालून ढकलून सहज निखळवू शकते. आडव्या पट्टीतून थेट भिंतीत गेलेले दोन स्क्रू आणि तळाजवळ पाठीतून गेलेला एक, अशी तीन ठिकाणची पकड हवी.

स्क्रूची लांबी अंदाजाने घेऊ नये. पट्टीचे 18, पाठीचे 6, गिलाव्याचे साधारण 15 आणि विटेतले 40 असे मिळून जवळजवळ 80 मि.मी. होतात. म्हणून 5 मि.मी. जाडीचा 80 मि.मी. लांब स्क्रू आणि 8 मि.मी. चा प्लास्टिकचा प्लग घ्यावा. प्लग गिलाव्यातच राहिला तर तो कधी ना कधी गिलाव्यासकट बाहेर येतो. तो ठोकून विटेत पोहोचवावा. जिप्समच्या पोकळ भिंतीत हा प्लग चालत नाही. तेथे आतल्या उभ्या चौकटीच्या दांड्यातच स्क्रू घालावा. बटण किंवा सॉकेट यांच्या बरोबर वर, खाली आणि सरळ रेषेत बाजूला छिद्र पाडू नये, कारण वायरी बहुधा त्याच रेषांतून जातात. भिंतीवर खूण करताना पाणसळ (स्पिरिट लेव्हल) वापरावी. ड्रिल चालवण्याआधी छिद्राखाली कागदाची घडी चिकटवली की विटेची भुकटी तिच्यात साठते.

मुलाच्या वस्तू ठेवण्याआधी भार तपासावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा भरलेल्या आठ-दहा बाटल्या रात्रभर दोन्ही मजल्यांवर ठेवाव्यात आणि सकाळी पट्टीच्या वर भिंतीशी फट पडली आहे का ते पाहावे. केसाएवढी फट दिसली तरी मांडणी उतरवून प्लग पुन्हा बसवावेत. जड पुस्तके तळमजल्यावर आणि कापडी खेळणी माळ्यावर ठेवावीत. मूल वाढत गेले की मांडणीची कड त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येते. तोवर न थांबता ती वर सरकवावी आणि जुनी छिद्रे लांबी भरून बुजवावीत.