हरवलेले रेसट्रॅक जुन्या हवाई फोटोंत शोधताना या चुका टाळा

लॉस एंजेलिसमधलं ‘ॲस्कॉट’ कुठे होतं, असं विचारलं तर तीन जाणकार तीन दिशांना बोट दाखवतील आणि तिघंही खरं सांगत असतील. पहिलं ॲस्कॉट १९०३ सालचं, घोड्यांचं, शहराच्या दक्षिण अंगाला. पुढे तिथे मोटारी पळाल्या, मग गुडइयरचा टायर कारखाना उभा राहिला. दुसरं लीजन ॲस्कॉट, १९२४ ते १९३६, लिंकन हाइट्सच्या बाजूला टेकड्यांच्या कुशीत. तिसरं गार्डीनात, १९५७ ते १९९०. नाव एक, जागा तीन. सांता अनिताचीही तीच गत: आज चालू असलेला रेसकोर्स १९३४ चा, त्याच नावाचा आधीचा १९०७ चा, आणि दोन्ही आर्केडियातच असले तरी वेगवेगळ्या जागी.

म्हणून पहिली चूक हीच, की नाव कळलं की लगेच फोटो उघडून बसायचं. आधी कागद धरा. कुठल्या वर्षी सुरू, कुठल्या वर्षी बंद, जवळचा चौक कुठला, हे एका वहीत लिहून काढा. चौकाचं नाव जुन्या वर्तमानपत्रातून घेतलं असेल तर ते आजही तेच आहे का, हेही तपासा. ऑलिंपिक बुलेव्हार्ड १९३२ च्या ऑलिंपिकआधी टेन्थ स्ट्रीट होता. आजचा मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्ड १९८३ पर्यंत सांता बार्बरा ॲव्हेन्यू होता. चुकीच्या रस्त्यावर उभं राहून डोळे फोडण्यात अर्थ नाही.

विमानाच्या आधीचा ट्रॅक विमानातून शोधू नका

प्लाया डेल रे इथलं मोटरड्रोम १९१० मध्ये उघडलं: लाकडी फळ्यांचा, एक मैलाचा, अगदी वर्तुळाकार ट्रॅक. १९१३ मध्ये तो जळाला. विमानातून सरळ खाली रोखून शहरभर ओळीने फोटो (यांनाच उभे फोटो म्हणतात) काढायचं काम मात्र १९२० च्या दशकात सुरू झालं. तेव्हा १९२८ च्या फ्रेममध्ये (म्हणजे एका फोटोत) मोटरड्रोम दिसला नाही तर फोटो वाईट नाही, तुमची अपेक्षा चुकीची आहे. मुंबईकरांना हे लगेच पटेल. भायखळ्याची घोड्यांची शर्यत महालक्ष्मीला गेली १८८३ मध्ये. ती भायखळ्याची धाव कुठल्या हवाई फोटोत मिळणार? तिथे जुने नकाशेच कामाला येतात.

कॅलिफोर्नियात घोड्यांच्या बाबतीत आणखी एक खूणगाठ बांधून ठेवा. १९०९ मध्ये शर्यतींवरच्या सट्ट्यावर बंदी आली आणि १९३३ मध्ये ती उठली. मधल्या काळातल्या फोटोत मोठा धावता ट्रॅक दिसला तर तो बहुधा मोटारींचा किंवा नुसता सरावाचा, हे गृहीत धरून पुढे जा. १९३८ मध्ये उघडलेला हॉलिवूड पार्क १९२८ च्या फोटोत ‘सापडला’, तर तुम्ही भलत्याच गावात आहात.

फोटोच्या तारखेवरही डोळे झाकून विसंबू नका. कॅटलॉगमध्ये १ जानेवारी अशी तारीख दिसली, की बरेचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की फक्त वर्ष माहीत आहे.

प्रत्येक लंबगोल म्हणजे ट्रॅक नव्हे

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. मी स्वतः एका सुबक गोलावर दोन रविवार घालवले आहेत. शेवटी तो तेलाच्या टाकीभोवतीचा मातीचा बांध निघाला. टाकी फुटली तर तेल पसरू नये म्हणून घालतात तो. लॉस एंजेलिसच्या परिसरात तेलाच्या विहिरी इतक्या होत्या, की जुन्या फोटोंत असे गोल पुरणपोळ्या मांडून ठेवाव्यात तसे दिसतात. बांध ओळखायची खूण सोपी: ते एकटे नसतात, एकाच मापाचे पाच-दहा ओळीने असतात, आणि मधोमध टाकीची काळी सावली असते.

शाळेचं धावण्याचं मैदान याहून फसवं. जुनी अमेरिकन मैदानं पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, आणि छोट्या ‘मिजेट’ मोटारींचे कितीतरी ट्रॅकही पाव मैलाचेच. नुसतं माप घेऊन काही कळणार नाही. शाळेच्या मैदानाची एक सरळ बाजू लंबगोलाबाहेर शेपटीसारखी निघते, कारण कमी अंतराची शर्यत सरळ धावावी लागते. आत फुटबॉलच्या रेषा असतात. मोटारींच्या ट्रॅकला शेपटी नसते, पट्टा रुंद असतो, एका बाजूला प्रेक्षकांची गॅलरी असते आणि भोवती गाड्या लावायचं प्रचंड उघडं मैदान. मी आता आधी ते पार्किंगच शोधतो, ट्रॅक नंतर.

फेअरफॅक्सजवळचं गिलमोर स्टेडियमही असंच चकवतं. मिजेट मोटारींचं ते स्टेडियम १९३४ चं. शेजारी १९३९ मध्ये बेसबॉलचं गिलमोर फील्ड आलं. १९४० च्या दशकातल्या फोटोत दोन्ही शेजारी दिसतात आणि पंख्याच्या आकाराचं बेसबॉल मैदान अधिक ठळक असल्यामुळे नवखा माणूस त्यालाच स्टेडियम समजतो. सीबीएस या टीव्ही कंपनीचं टेलिव्हिजन सिटी १९५२ मध्ये उभं राहिलं ते स्टेडियमच्या जागेवर. बेसबॉलचं मैदान त्यानंतरही काही वर्षं टिकलं.

पुसट चित्रावर निकाल देऊ नका

सरकारी शेतीखात्याचे जुने फोटो बहुधा १:२०,००० प्रमाणाचे. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवरचा २० मीटर. पाव मैलाचा अख्खा ट्रॅक तिथे जेमतेम ८-९ मिलिमीटर लांब, तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. वेबसाइटवरचं झलक-चित्र मोठं करून पाहणं म्हणजे धुक्यात धुकं. तोच फोटो इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केला तर एक ठिपका साधारण ०.८५ मीटरचा येतो आणि गॅलरीची कड दिसू लागते. १५० ठिपक्यांनी केला तर साडेतीन मीटरचा. सांता बार्बरा विद्यापीठाच्या संग्रहात हवाई फोटो काढणाऱ्या फेअरचाइल्ड कंपनीचे मूळ फोटो आहेत आणि फ्रेमफाइंडर या नकाशावरून हवी ती फ्रेम निवडता येते. तिथून मोठी फाइल घ्या. दोन क्लिक जास्त लागतात, एवढंच.

फोटो नकाशावर बसवताना

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना फोटो आजच्या नकाशावर बसवताना खुणेचे बिंदू लागतात, म्हणजे फोटोत आणि नकाशावर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा. नदीचा काठ कधीच घेऊ नका. १९३८ च्या पुरानंतर लॉस एंजेलिस नदी काँक्रीटच्या पाटात बांधली गेली. काठ आज तिथे नाही. इमारतीचं छपरही नको, कारण उभ्या फोटोतही उंच वस्तू मध्यापासून बाहेर झुकते. रेल्वेमार्ग रस्त्याला छेदतो ती जागा उत्तम. रस्त्यांचा चौकही चालतो, पण रस्ता एकाच बाजूला रुंद झाला असेल तर मध्यरेषा सरकलेली असते. लागोपाठच्या फोटोंत साधारण ६० टक्के भाग सामाईक असतो, म्हणून ज्या फ्रेममध्ये ट्रॅक मध्याच्या जवळ आहे तीच निवडा.

बिंदू किती नीट बसले ते सॉफ्टवेअर ‘चूक’ म्हणून दाखवतं. ‘चूक शून्य आली’ म्हणून खूश होऊ नका. तीन बिंदू देऊन साधं पहिल्या पायरीचं रूपांतर (फोटो नुसता सरकवणं, फिरवणं, सरळ ताणणं) केलं तर चूक शून्यच येणार, ते गणितच तसं आहे. थिन प्लेट स्प्लाइन ही फोटो वाकवून बसवायची पद्धत तर प्रत्येक बिंदूतूनच जाते, तिथे शून्याला काडीचा अर्थ नाही. सहा-सात बिंदू द्या आणि दोन वेगळे राखून ठेवा. बसवून झाल्यावर त्या दोघांवरून फरक मोजा.

आणि एक चूक अशी, जिच्यामुळे सापडलेला ट्रॅकही हातून निसटतो. वेबवरचे नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक रीत) असतात, त्यात ३४ अंश अक्षांशावर सपाट मोजलेलं अंतर जवळजवळ २० टक्के जास्त भरतं. एक मैलाचा ट्रॅक सव्वा मैलाच्या जवळ जातो. बेव्हर्ली हिल्सचा फळ्यांचा ट्रॅक (१९२०–२४) खरोखरच सव्वा मैलाचा होता. म्हणजे तुम्ही एक मैलाच्या भलत्याच ट्रॅकला बेव्हर्ली हिल्सच्या मापाचा ठरवून मोकळे व्हाल! सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट यूटीएम झोन ११ उत्तर या, लॉस एंजेलिसच्या भागासाठीच्या मीटरमधल्या मोजमाप-पद्धतीत ठेवा आणि मगच मोजा.

रॉबर्ट स्पेन्सचे विमानातून तिरके काढलेले फोटो देखणे आहेत आणि यूसीएलए विद्यापीठाकडे त्यांचा मोठा संग्रह आहे. पण ते नकाशावर ताणून बसवायच्या भानगडीत पडू नका. गॅलरीची उंची, फलक, भोवतीची शेतं पाहायला ते वापरा.

खड्डा की बांध?

ट्रॅकची कडेला उंच बांधलेली वळणं उलटी दिसत असतील, म्हणजे कडेचा चढ खड्ड्यासारखा भासत असेल, तर फोटो फिरवा. उत्तर वर ठेवली की सावल्या वर पडतात आणि डोळा फसतो. सावली आपल्याकडे येईल असा फोटो धरला की जमीन जागेवर येते. स्टिरिओ जोडी (एकाच जागेचे दोन लागोपाठचे फोटो, जे एकत्र पाहिले की उंची दिसते) मिळाली तर उत्तमच.

आजच्या नकाशात वळण सापडत नाही?

बहुतेक वेळा सापडणारच नाही. जमीन महाग झाल्यावर मालकांनी चौकोनी प्लॉट पाडले आणि गोलाई पुसली. बेव्हर्ली हिल्सच्या ट्रॅकच्या जागेवर १९२८ मध्ये बेव्हर्ली विल्शायर हॉटेल आलं. गल्ल्यांत फळ्यांचं नामोनिशाण नाही. ऑन्टॅरिओ मोटर स्पीडवे (१९७०–८०) गेला, पण त्या भागातल्या रस्त्यांना अजून ड्यूसेनबर्ग आणि फेरारी अशी मोटारींची नावं आहेत. तेव्हा आकारासोबत पाट्याही वाचा. लायन्स ड्रॅग स्ट्रिप (१९५५–७२), म्हणजे सरळ रेषेत मोटारी पळवायची पट्टी, तर सरळच होती. तिथे लंबगोल शोधणारा जन्मभर शोधत राहील. दोन्ही टोकांना कुठल्याच रस्त्याला न जोडलेली काळी पट्टी आणि बाजूला गाड्यांची गर्दी, ही तिची ओळख.

शेवटी कोरोना गावातल्या वर्तुळाबद्दल, कारण ते पाहून दरवेळी कोणीतरी ‘सापडला!’ म्हणून ओरडतं. ग्रँड बुलेव्हार्ड हा साधा रस्ता आहे, सुमारे एक मैल व्यासाचा. १९१३, १९१४ आणि १९१६ मध्ये त्यावर मोटारींच्या शर्यती झाल्या, मग लोक परत भाजी आणायला त्यावरून जाऊ लागले. जुन्या फोटोत आहे तसाच तो आजही आहे. हा ट्रॅक पाहायला गाडीत बसून एक फेरी मारली तरी पुरे.