ताण सोसू द्या, पण तोडताना घाई नको

मे महिन्यात आपल्या सोलापुरात भर दुपारी बांधावर उभं राहिलं की सगळं रानच मान टाकल्यासारखं दिसतं. डाळिंबाची पानं मिटलेली, उसाचे शेंडे वळलेले, गोठ्यात म्हैस तोंड उघडून धापा टाकतेय. पारा 42 च्या पुढे गेलेला. मग जीव कासावीस होतो आणि आपण मोटर चालू करतो. ती दुपारची मोटर बंदच राहू द्या.

पानाला बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ निघते आणि त्या वाफेमुळंच पान थंड राहतं. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबानं. मुळांकडून येणारं पाणी पुरेनासं झालं की झाड ही छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण पान तापतं आणि अन्न तयार करण्याचं कामही थांबतं. रानात ओल असली तरी दोनच्या उन्हात पान असं मलूल होऊ शकतं. त्यामुळं दुपारी बघून पाण्याचा निर्णय घेऊ नये. सकाळी सहा-सातला बघा. रात्रीत मुळांनी पाणी ओढून पान ताठ केलं असेल तर थांबायला हरकत नाही. सकाळीही पान लोंबत असेल तर आधीच उशीर झालाय.

पाणी रात्री किंवा पहाटे द्या. काळ्या नळीत उन्हानं तापलेलं पाणी दुपारी मुळाशी सोडण्यात शहाणपणा नाही, आणि त्यातलं बरंचसं उडूनही जातं. रात्रीच्या लाईटला आपण वर्षभर शिव्या घालतो, पण या दोन महिन्यांत तीच सोयीची. फक्त पायात बूट आणि हातात बॅटरी असू द्या.

आता खरा मुद्दा. ताण म्हणजे पिकाला पाणी कमी पडणं, आणि तो सोसायची कला इथल्या पिकांना आहे. मंगळवेढ्याची मालदांडी रब्बीत काळ्या रानातल्या साठलेल्या ओलीवर उभी राहते, पान वळवून घेते, वाढ थांबवते आणि ओल मिळाली की पुन्हा चालू लागते. नुकसान होतं ते बऱ्याचदा ताण तुटतो, म्हणजे पुन्हा पाणी मिळतं, त्या आठवड्यात.

डाळिंबात हे सगळ्यात जास्त दिसतं. सध्या कुणाच्या बागेत आंबे बहराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांची फळं लागलेली आहेत, तर कुणी मृग बहरासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलं यावीत म्हणून बाग ताणावर सोडलीय. फळं असलेल्या बागेत पाण्याची ओढ बसली की फळाची साल कडक होते, तिची ताणायची ताकद जाते. मग कॅनॉलचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी येतं किंवा वळीव कोसळतो, आतले दाणे पाणी पिऊन फुगतात आणि साल उकलते. माझ्याच बागेत एका साली आवर्तन आलं म्हणून मी रात्रभर पाणी सोडून झोपलो होतो. पुढच्या आठवड्यात तडकलेली फळं क्रेटनं बाहेर काढली. चूक माझीच, उजनी धरणाला काय बोलणार! तेव्हापासून फळं असताना रोजचं पाणी थोडं का असेना, पण ठरलेलं देतो आणि खोडाभोवती उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, जाड पसरतो. ओल एकसारखी राहिली की फळ तडकत नाही. वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, आहे की नाही ते माती मुठीत दाबून बघा, अंदाजावर जाऊ नका.

नैऋत्येकडच्या, म्हणजे दुपारनंतरचं ऊन खाणाऱ्या फळांवर तांबूस-काळे चट्टे पडतात. त्या बाजूच्या फांद्या आत्ता छाटू नका. केओलिन या पांढऱ्या मातीच्या भुकटीची 5 टक्के फवारणी, म्हणजे 100 लिटर पाण्यात 5 किलो, ऊन परतवून लावते. वळीव झाला की तेल्या या जिवाणूंमुळं होणाऱ्या रोगाचीही भीती असते. डाग पडलेली फळं लगेच वेचून बागेबाहेर न्या, बांधावर टाकू नका.

ताणावरच्या बागेत उद्देश वेगळा. तिथं वाढ थांबवून फांदीत अन्न साठवायचं असतं, म्हणजे पुढं फूल निघतं. हलक्या रानात ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानात जास्त दिवस लागतात, त्यामुळं शेजाऱ्याची तारीख आपल्या बागेला लावू नये. तोडताना पहिलं पाणी हलकं, मग टप्प्याटप्प्यानं वाढवत न्या.

उसाचं थोडक्यात: पाचट जाळू नका, सरीत पसरा. पाणी कमी असेल तर एक आड एक सरी भिजवा. ताणात 2 टक्के युरिया आणि 2 टक्के म्युरेट ऑफ पोटॅश यांची फवारणी संध्याकाळी घ्या.

ज्वारीचं मात्र नीट ऐका, कारण इथं पिकाचा ताण थेट दावणीत येतो. पाण्याविना वाढ खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत एक विषारी घटक साठतो. जनावरानं चावली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. यालाच आपण किराळ लागणं म्हणतो. वळवानंतर धसकटातून, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या बुडख्यातून निघालेली हिरवीगार फूट दिसायला गोड, पण तीच सगळ्यात घातक. तिच्यात जनावर सोडू नका. चाऱ्याची ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय कापू नका. शंका असेल तर कापून उन्हात वाळवून घाला; वाळलेल्या कडब्यात ही भीती फारशी राहत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात धाप, तोंडाला फेस, झोकांड्या आणि लालभडक हिरड्या दिसल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक 1962 आहे.

जनावरंही वाफेवरच थंड होतात, फक्त प्रत्येकाची तऱ्हा निराळी. खिलार बैलाचं कातडं ऊन सहन करतं, संकरित गाय धापा टाकते, म्हशीला घाम कमी आणि कातडं काळं म्हणून ती डबकं शोधते. पंढरपुरी म्हैस काटक खरी, पण तिलाही दोनदा अंगावर पाणी लागतंच. मात्र बंद गोठ्यात नुसतं पाणी मारून उपयोग नाही. वारा नसेल तर आत वाफारा तयार होतो. गोणपाट भिजवा, पण दोन बाजू मोकळ्या ठेवा. पत्र्यावर पाचट टाका.

कडबा पचताना पोटात उष्णता तयार होते, म्हणून तो संध्याकाळी आणि पहाटे द्या. दुपारी थोडी हिरवी वैरण पुरे. दुभत्या संकरित गाईला या दिवसांत 80 ते 100 लिटर पाणी लागतं. हौद सावलीत हवा, उन्हातलं गरम पाणी ती सोडून देते. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो, म्हणजे बाहेरून लक्षणं फारशी दिसत नाहीत, तेव्हा पहाटे आणि रात्री लक्ष ठेवा.

रानातून तहानून आलेलं जनावर थेट हौदावर सोडू नका. आधी सावलीत उभं करा, धाप बसू द्या, मग थोडं थोडं पाजा. वासरांना तर दिवसभर पाणी समोर असू द्या. तहानेनं व्याकूळ झालेलं वासरू एकदम पोटभर पाणी प्यालं की रक्तपेशी फुटून लघवी लाल होते. तसं दिसलं तर पाणी बाजूला करा आणि डॉक्टरांना फोन लावा.