कमी दिवसांचं करडू आणि रक्तातली साखर: इंटर्नशिपला येणाऱ्यांसाठी

ग्लुकोनिओजेनेसिस, म्हणजे शरीराने स्वतः नवी साखर बनवणं, आपण पाठ करतो ते व्हायवापुरतं. मुंबई-शिरवळला पशुवैद्यक शिकून गोव्यात इंटर्नशिपला येणार असाल, तर तेवढं प्रकरण पुन्हा उघडा. सत्तरी-डिचोलीकडे भर पावसात एखादी शेळी दिवस भरण्याआधी विते, तेव्हा ते सगळं कामाला येतं.

पोटात असताना पिल्लाला साखर वारेतून आयती मिळते. त्याचं यकृत स्वतः फारसं काही बनवत नाही. शेवटच्या दिवसांत कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, यकृतात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) जमतं, ती साखर रक्तात सोडणारं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम तयार होतं. नाळ तुटली की साखर उतरवणारं इन्सुलिन कमी होतं, ती चढवणारं ग्लुकॅगॉन वाढतं, साठा मोकळा होतो आणि मग लॅक्टेट, अमिनो आम्लांपासून नवी साखर बनू लागते. शेळीचे दिवस साधारण १५०. त्याआधी बाहेर आलेल्या करडाचा साठा तुटपुंजा, एन्झाइमही अर्धवट. डुकराचं पिल्लू तर पुऱ्या दिवसांचं असलं तरी नाजूकच: अंगात चरबी जेमतेम १-२ टक्के, आणि ऊब देणारी तपकिरी चरबी नाहीच. गोव्यात डुकरं पाळणारे बरेच, तेव्हा गाठ पडणारच.

दुसरी बाजू वर्गात घाईत उरकतात. नवजाताचा साखरेवरचा लगामही कच्चा असतो. बाहेरून ग्लुकोज दिलं तरी यकृत स्वतःची साखर सोडणं लगेच थांबवत नाही; कोकरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. म्हणून डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) लावून चहाला जाऊ नका, रक्तातली साखर पुन्हा मोजा. आणि साखर मोजायच्या स्ट्रिपांची डबी घट्ट बंद ठेवा, इथल्या दमट हवेत त्या लवकर बिघडतात.

मालक हमखास विचारतो, "डॉक्टर, गूळपाणी पाजू?" आधी थर्मामीटर. गार पडलेल्या, चोखता न येणाऱ्या पिल्लाच्या तोंडात ओतलेलं फुप्फुसात जातं. जन्मून पाच तास झाले नसतील तर पुसा, ऊब द्या, मग चीक पाजा. पाच तास उलटलेत आणि तापमान ३७ अंशांखाली आहे, तर आधी पोटाच्या पोकळीत कोमट २० टक्के ग्लुकोज, किलोला १० मिली, आणि मगच ऊब. उलट केलंत तर ऊब मिळताच मेंदूची साखरेची मागणी वाढते आणि झटके येऊन करडू हातचं जातं. ही सुई सीनियरसमोरच शिका.

शेळीला चीक कमी पडला तर शेजारच्या नुकत्याच व्यालेल्या गाईचा चालतो. तो खरवसाला चुलीवर चढायच्या आत मागून घ्या.