पागा ठरवण्याआधी: बेळगाव भागात घोडा ठेवणाऱ्यांसाठी आणि रपेट शिकणाऱ्यांसाठी तयारीची यादी

जागा पाहायला जायचं तर पावसाळ्यात जा. जानेवारीत कुठलीही पागा (घोड्यांचा तबेला) चांगलीच दिसते, खरी परीक्षा जुलैत होते. खानापूर, जांबोटीकडे पाऊस आठवडाभर उघडीप देत नाही. अथणी, गोकाककडे पाऊस कमी, पण काळ्या रानात एक सर पडली की घोड्याचा पाय घोट्यापर्यंत रुततो. पावसात जाणं जमत नसेल तर भिंतीवर ओल किती उंच चढली आहे ते पाहा आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, पाणी कुठवर येतं. शहापूर, वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरतं, त्यामुळे त्या बाजूची जागा असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. पुढच्या फाटकाचा रंग आणि भिंतीवरचे फोटो पाहण्यात वेळ घालवू नका. थेट मागे, ठाणाकडे (घोडा उभा राहतो त्या खोलीकडे) आणि वैरणीच्या खोलीकडे जा.

एकदा वेळ ठरवून जा, दुसऱ्यांदा न सांगता सकाळी चंदीच्या (दाण्याच्या खुराकाच्या) वेळेला जा. सोबत मोजपट्टी, टॉर्च, वही आणि पायात बंद बूट असू द्या.

साधारण चौदा-पंधरा मूठ (एक मूठ म्हणजे चार इंच) उंचीच्या घोड्याला ठाण बारा बाय बारा फुटांचं लागतं. लहान तट्टाला दहा बाय दहा चालतं. दार किमान चार फूट रुंद हवं. पत्र्याचं छप्पर डोक्यालगत असेल तर एप्रिल-मेमध्ये आतली हवा तापून घोडा घामाघूम होतो, म्हणून दहा-बारा फूट उंची आणि समोरासमोर झरोके हवेत. ठाणात गुडघे टेकून एक दीर्घ श्वास घ्या. नाकाला मुताचा उग्र वास झोंबला तर घोडाही खाली मान घालून खाताना हीच हवा घेत असतो, आणि त्यातून खोकला लागतो. शहाबादी फरशी धुवायला सोपी असली तरी ओली झाली की नाल मारलेला पाय तिच्यावर घसरतो. घट्ट ठोकलेला मुरूम, मागे पाच फुटांना इंचभर उतार आणि वर भुशाचा किंवा भाताच्या तुसाचा जाड थर ही व्यवस्था आपल्या भागात परवडते आणि टिकते. भाताचा पेंढा अंथरला असेल तर भुकेला घोडा तोच खात राहतो, आणि पोटात गोळा अडकण्याची भीती असते.

आता खूर. साईसाला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, एक पाय उचलून दाखवायला सांगा. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी गादीशेजारच्या खाचा आकडीने साफ केल्या आणि काळा, घाण वासाचा लगदा निघाला, तर तो घोडा ओल्या लिदीत उभा राहतो. ही खूरकूज पावसाळ्यात झपाट्याने खोल जाते आणि घोडा लंगडतो. रोज दोनदा खूर साफ करणं आणि कोरडं ठाण याला पर्याय नाही, औषध नंतरचं. नालेच्या खिळ्यांची टोकं वर आलेली किंवा खूर वाढून नालेबाहेर आलेला दिसला तर नालबंद बरेच दिवस फिरकलेला नाही. पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासायलाच हवा. इथे एक गोष्ट नीट विचारा: नालबंद कोण? बैलांना पत्री मारणारे कारागीर प्रत्येक आठवडी बाजारात भेटतात, पण घोड्याच्या खुराचा कोन, टाच आणि खिळ्याची जागा हे काम निराळं आहे. खिळा अर्धा सूत आत गेला तरी घोडा बरेच दिवस लंगडतो.

वैरणीच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण आपल्या भागात घोडे बिघडतात ते इथेच. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच ते सात किलो कोरडी वैरण लागते, तीही थोडी थोडी करून, दिवसभर. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. चंदी एका वेळी दीड किलोच्या वर नको. हरभरा दिला तर भिजवून. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटात गेलेली चूक बाहेर पडायला वाट नसते.

ऊसपट्ट्यात, निपाणी-चिकोडी-अथणीकडे, गाळपाच्या दिवसांत वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं आणि पुढ्यात टाकलं जातं. थोडं चालतं, पण तीच मुख्य वैरण झाली किंवा ढिगात तापून बुरसलेलं वाडं दिलं तर पोटशूळ ठरलेला. हत्तीगवत गोठ्यात सगळीकडे आहे. गायीला ते मानवतं, पण घोड्याला महिनोन्‌महिने तेवढंच दिलं तर त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. वरून कोंडा दिला तर त्यातलं फॉस्फरस आणखी भर घालतं. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, जबड्याचं हाड सुजून चेहरा फुगतो, घोडा लंगडू लागतो. त्याला कोरडं गवत आणि लसूणघास यांची जोड हवी. कोवळी हिरवी ज्वारी नकोच: तिच्यात विषारी सायनाइड तयार होतं, आणि ती रोज चरणाऱ्या घोड्याला मूत्राशयाचा व मागच्या पायांचा दोष होतो. वाळलेला कडबा थोडा मिसळायला हरकत नाही. एका कोपऱ्यात दुभत्या जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्याची पोती दिसली तर ती घोड्याच्या चंदीजवळ का ठेवली, हे विचारा. अशा खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असू शकतं. गायीला चालणारी मात्रा घोड्याच्या हृदयाला घातक ठरते, आणि त्यावर उतारा नाही. त्यामुळे वेगळं माप आणि वेगळी बादली हवीच.

नवा घोडा आला की पागा काय करते, यावरून तिची शिस्त कळते. त्याला तीन आठवडे वेगळं ठाण, वेगळी बादली, वेगळा खरारा असायला हवा. चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या जत्रेहून किंवा घोडागाडीच्या शर्यतीहून परतलेल्या घोड्यालाही हाच नियम. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा जिवाणूजन्य रोग आहे आणि तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी पशुवैद्यकामार्फत रक्ताचा नमुना तपासून घ्या. घोड्यांच्या रोगांसाठी हिसारला केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. सरा हा रोग रक्त शोषणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो, म्हणून पावसाळा संपताना पुन्हापुन्हा चढणारा ताप, पायावर किंवा पोटाखाली सूज आणि खंगत जाणं दिसलं तर रक्त तपासायचं. धनुर्वात आणि रेबीजची लस दिल्याची नोंद तारखेसह लिहिलेली असावी, तोंडी नको.

पशुवैद्य कोण आणि रात्री किती वेळात पोचतो, हे साईसालाच विचारा, कारण मालक रात्री तिथे नसतो. पोटशुळात घोडा खूर आपटतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, लोळतो, लीद टाकत नाही. विश्रांतीत नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. साठच्या वर गेली तर घोड्याला वेळ नाही. हे आकडे ठाणाच्या खांबावर लिहून टांगलेले असले तर ती पागा जपणारी आहे असं समजायला हरकत नाही.

रपेट शिकायची असेल तर आधी दुसऱ्याचा एक पूर्ण तास बसून पाहा. शिकणारा घोड्यावर चढण्याआधी शिक्षक तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) तपासतो का, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासतो का? घोडा खोगीर घालताना पोट फुगवतो, नंतर तंग सैल पडतो, खोगीर फिरतं आणि स्वार खाली. नवशिक्याला सुरुवातीला लांब दोरीवर गोल फिरवून, लगाम हातात न देता बसणं शिकवलं पाहिजे. पहिल्याच दिवशी दुडकीवर घालणारा शिक्षक फोटोसाठी घाई करतो. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा हवी आणि बुटाला टाच हवी, नाहीतर पडताना पाय अडकतो. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. मोटारसायकलचं जड असतं, मानेवर ताण येतो. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये: साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलोपर्यंत.

घोडा इशारे साईसाच्या भाषेत शिकलेला असतो. आपल्याकडे साईस कन्नड, मराठी किंवा हिंदी यांपैकी काहीही बोलत असेल. थांब, चल, मागे हो हे तीन शब्द तिथे कोणते वापरतात, ते मुलांना पहिल्याच दिवशी पाठ करून द्या. तोच घोडा लग्नाच्या वरातीला आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीलाही जातो का, हेही विचारा. रात्रभर डीजेच्या आवाजात उभा राहिलेला घोडा सकाळी मुलाला घेऊन शांत चालेल, ही अपेक्षा धरू नका.

करारात काय लिहावं याची चर्चा लांबवण्यात अर्थ नाही. दरमहा रकमेत वैरण, नालबंदी, औषध यांतलं काय धरलं आहे, तुमचा घोडा इतरांना बसायला किंवा मिरवणुकीला देणार नाही, आणि रात्री फोन लागला नाही तर उपचाराचा निर्णय कोण घेईल, एवढं स्पष्ट असू द्या. कागद कन्नडमध्ये असेल तर जाणकाराकडून वाचून घेऊनच सही करा. चंदगड किंवा कोल्हापूरकडून घोडा आणत असाल तर पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला गाडीतच ठेवा.

हलवण्याच्या दिवशी घोड्याची स्वतःची मोहरकी (तोंडाला बांधायचा पट्टा), दोर, बादली आणि आधीची वैरण व चंदी दहा दिवस पुरेल एवढी सोबत न्या. ती रोज थोडी कमी करत नवी वैरण वाढवा. पहिला आठवडा लिदीचे गोळे किती आणि कसे पडतात, ते साईसाला वहीत लिहायला सांगा.